व्हॉल्व्हचा प्रीॲम्प घेण्यापूर्वी

गिरगाव, परळ, दादरच्या चाळीतील खोली सोडून वसई, नालासोपारा किंवा विरारला ब्लॉक घेतलेल्या कुटुंबांनी टेम्पोत भरून आणलेल्या सामानात पुष्कळदा एक जुना रेडिओ असे. ठाण्याच्या कारखान्यात तयार झालेला मर्फी, नाही तर बुश किंवा फिलिप्स. त्याचे बटण फिरविले की लगेच आवाज येत नसे. आधी काचेच्या पट्टीमागचा दिवा लागे, मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तांबूस उजेड दिसू लागे आणि मग शेजारच्या खोलीतून कोणी सावकाश चालत यावे तसा आवाज जवळ येई. तो तांबूस उजेड व्हॉल्व्हचा. पुढे ट्रान्झिस्टर आला, कॅसेट आली, सीडी आली, मोबाइल आला. रेडिओ माळ्यावर गेला. आवाज मात्र कानात राहिला.

आज बाजारात विकली जाते ती ही आठवण. हाताच्या पंजावर मावेल एवढी पेटी, तिच्या माथ्यावर दोन छोट्या काचेच्या नळ्या, आत नारिंगी उजेड आणि समोरच्या पट्टीवर ‘ट्यूब प्रीॲम्प्लिफायर’ अशी अक्षरे. ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवर अशा पेट्यांचे कितीतरी प्रकार दिसतात आणि किंमत काही हजार रुपयांपासूनच सुरू होत असल्याने मोह होतो. मोह होण्यात गैर काही नाही. परंतु पैसे भरण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी स्पष्ट असावी. आजोबांच्या रेडिओचा तो आवाज एकट्या व्हॉल्व्हचा नव्हता. मध्यम लहरींवरून साधारण पाच हजार हर्ट्झच्या पलीकडचे फारसे काही पोचतच नसे. त्यात कागदी पडद्याचा मोठा स्पीकर, त्याला जोडलेला आउटपुट ट्रान्स्फॉर्मर आणि मागून उघडी असलेली लाकडी पेटी. या सर्वांनी मिळून तो गोलावा घडविला होता. दोन नळ्यांची पेटी सीडी प्लेअर आणि स्पीकर यांच्यामध्ये ठेवल्याने तो परत येणार नाही.

मग व्हॉल्व्हचा प्रीॲम्प घेऊच नये काय? जरूर घ्यावा. मात्र तो आपल्या घरच्या यंत्रणेत नेमके कोणते काम करणार, हे ठरवून घ्यावा. तसे ठरविले की माफक किमतीतही उत्तम वस्तू मिळते, आणि न ठरविता घेतल्यास महाग वस्तूही आठ दिवसांत कपाटात जाते.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचनळी. आतील तंतू तापला की ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सुटतात, धनाग्राकडे धाव घेतात आणि वाटेत लावलेली बारीक जाळी त्यांच्या प्रवाहाला नळाच्या चावीप्रमाणे कमीअधिक करते. जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नळी केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात जाळी घातली आणि क्षीण विद्युत संदेश मोठा करण्याचे साधन माणसाच्या हाती आले. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावर हळूहळू नळ्यांचे दिवस सरले. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने बंगळूरला रेडिओचे व्हॉल्व्ह तयार केले. ‘बेल’ असा शिक्का असलेले ते व्हॉल्व्ह आजही जुन्या दुकानांतून अधूनमधून निघतात. सध्या ध्वनियंत्रांसाठी लागणाऱ्या नव्या नळ्या मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधील मोजक्या कारखान्यांतून येतात.

प्रीॲम्पचे काम तीन प्रकारचे असते. सीडी, टेपडेक, टर्नटेबल यांपैकी हवे ते साधन निवडणे, आवाज कमीजास्त करणे आणि गरज असल्यास संदेश मोठा करून पुढच्या पॉवर ॲम्प्लिफायरला देणे. येथे ‘गरज असल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

अधिक म्हणजे चांगले नव्हे

सीडी प्लेअर पूर्ण आवाजाच्या वेळी सुमारे २ व्होल्टचा संदेश बाहेर देतो. टेबलावरचे आजचे बहुतेक डीएसी, म्हणजे संगणकातील किंवा मोबाइलमधील अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारे यंत्र, तेवढाच देते. घरगुती पॉवर ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीने चालविण्यास एक ते दोन व्होल्ट पुरतात, काहींना त्याहूनही कमी. म्हणजे मुळात वाढवायचे काही उरलेलेच नाही! अशा ठिकाणी पंधरा पट वाढ करणारा प्रीॲम्प आणून बसविला, तर २ व्होल्टचे ३० व्होल्ट होऊ पाहतात आणि आवाजाची मूठ जराशी हलवताच घर दणाणते. ती मूठ कायम तळाशीच ठेवावी लागते. स्वस्त व्हॉल्यूम कंट्रोलचे डावे-उजवे भाग नेमके तळाशीच एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे गायिका मध्ये उभी न राहता डाव्या स्पीकरकडे सरकते. ग्राहक व्हॉल्व्ह बदलतो, तारा बदलतो, आणि दोष असतो या साध्या गुणाकारात.

म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, वाढीचा. विक्रेत्याच्या पानावर ती डेसिबलमध्ये दिलेली असते. २० डेसिबल म्हणजे दहा पट, १२ म्हणजे सुमारे चार पट, ६ म्हणजे दुप्पट. केवळ सीडी किंवा डीएसी ऐकणाऱ्याला सहा ते बारा डेसिबल पुष्कळ झाले. शून्य डेसिबलचा, म्हणजे निव्वळ पुढे पोचविणारा ‘बफर’ असला तरी चालते.

व्हॉल्व्हच्या नावांचा येथे उपयोग होतो. ईसीसी ८३ या नळीलाच अमेरिकी पद्धतीत १२ एएक्स ७ म्हणतात. तिचा विवर्धनांक १००. ही जाहिरातींमध्ये सर्वाधिक दिसते, कारण तिचे नाव गिटारवादकांमुळे सर्वतोमुखी झाले आहे. परंतु सीडीसाठीच्या प्रीॲम्पमध्ये ती बहुधा गरजेपेक्षा फार अधिक वाढ करते. ईसीसी ८२, म्हणजेच १२ एयू ७, हिचा अंक २० पेक्षा थोडा कमी. ६ एसएन ७ ही जाड बुंध्याची जुनी नळी २० ची. ईसीसी ८८, म्हणजे ६ डीजे ८, ही ३३ ची. घरगुती लाइन प्रीॲम्पसाठी या तिघी अधिक सोयीच्या. ईसीसी ८३ ची खरी जागा तबकडीच्या क्षीण संदेशासाठी लागणाऱ्या फोनो विभागात आहे. त्याकडे पुढे येऊ.

आणखी एक बाब जाहिरातीत क्वचितच ठळक असते: प्रीॲम्पचा बाहेरचा संरोध. आतला व्हॉल्व्ह आपले काम एका कपॅसिटरमधून पुढे सोपवितो. तो कपॅसिटर ०.२२ मायक्रोफॅरडचा आणि पुढच्या ॲम्प्लिफायरचा आतला संरोध १० किलोओहमचा असेल, तर सुमारे ७२ हर्ट्झच्या खालचा भाग गळू लागतो. हा पट्टा म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्याचा आणि तानपुऱ्याच्या खर्जाचा शेजार. तीच जोडी ४७ किलोओहमच्या ॲम्प्लिफायरला लावली, तर ही मर्यादा १५ हर्ट्झपर्यंत खाली जाते आणि काहीच गमावले जात नाही. आतच ॲम्प्लिफायर बसविलेल्या आजच्या पुष्कळ स्पीकरांचा संरोध १० किलोओहमच्या आसपास असतो. ‘व्हॉल्व्हचा आवाज मऊ पण पोकळ लागतो’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते. पुढच्या यंत्राचा संरोध प्रीॲम्पच्या बाहेरच्या संरोधाच्या निदान दहा पट असावा, हा नियम लक्षात ठेवावा आणि विकत घेण्यापूर्वी दोन्ही आकडे मागावेत. आकडे न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये.

घरी इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर असेल तर त्याच्या मागची बाजू आधी पाहावी. जुन्या जपानी यंत्रांवर ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ यांना जोडणारी धातूची आकडी असे. ती काढून व्हॉल्व्हचा प्रीॲम्प मध्ये घालता येतो. अशी सोय नसल्यास तो ‘ऑक्स’मध्ये जोडावा लागेल. मग आतला मूळ प्रीॲम्प आणि नवा, असे दोन झाले. चालत नाही असे नाही, पण तेथे वाढ शून्याच्या जवळचीच हवी.

उजेड खरा की दिव्याचा

स्वस्त पेट्यांतील मोठी मेख उजेडाची आहे. छोट्या नळीचा तंतू मंद असतो. दिवसाउजेडी तो जेमतेम दिसतो. ग्राहकाला तर झगमग हवी! म्हणून काही उत्पादक नळीखाली नारिंगी एलईडी बसवितात. ओळखणे सोपे आहे. खरा तंतू सावकाश लाल होतो आणि त्याचा उजेड नळीच्या पोटातून येतो. एलईडी बटण दाबताक्षणी लागतो आणि बुडातून काच उजळवितो. दिवा असणे हा गुन्हा नव्हे, पण आवाजाबद्दल तो काही सांगत नाही. बटण दाबल्याबरोबर लगेच गाणे वाजू लागले, तर मात्र संशय घ्यावा. नळी तापण्यास दहा-वीस सेकंद तरी लागतात. तोवर आवाज येत असेल तर तो नळीला वळसा घालून, आतील चिपमधून येत आहे.

दुसरी मेख विद्युतदाबाची. ईसीसी ८२ किंवा ८३ या नळ्यांच्या मूळ तक्त्यांत धनाग्रावर २५० व्होल्टपर्यंतचा दाब गृहीत धरलेला आहे. पुष्कळ छोट्या पेट्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालतात आणि काहींमध्ये नळीला प्रत्यक्षात वीस-तीस व्होल्टच मिळतात. त्यांत चिनी ६ जे १ ही नळी फार वापरतात. मुळात ती रेडिओच्या उच्च कंप्रतेच्या कामासाठी केलेली पेंटोड नळी. कमी दाबावर ती चालते. तथापि मोठा संदेश आला की लवकर गुदमरते आणि आवाजात एक प्रकारचा चिकटपणा येतो. दोन-तीन तासांच्या मैफिलीचे ध्वनिमुद्रण ऐकताना तो जाणवतो, चार मिनिटांच्या भावगीतात कदाचित जाणवणार नाही. काही उत्पादक १२ व्होल्टपासून आत दाब वाढवून घेतात, हेही खरे. म्हणून ॲडॅप्टर पाहून निकाल देऊ नये. ‘धनाग्रावर किती व्होल्ट?’ असा सरळ प्रश्न विचारावा. दीडशेच्या वरचे उत्तर समाधानकारक.

हा उपद्व्याप कशासाठी करायचा, याचे उत्तर मिरजेला मिळते. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तो तारेच्या मूळ स्वरात त्याचेच वरचे स्वरांश मिसळत असतो. जवारीवाचून तानपुरा म्हणजे ठोकळा. ट्रायोड व्हॉल्व्ह अगदी अल्प प्रमाणात असेच काही करतो. २४० हर्ट्झचा षड्ज त्यातून गेला, की सोबत ४८० हर्ट्झची पुसट छाया येते; ती म्हणजे तार षड्ज. त्याहूनही पुसट ७२० ची, म्हणजे तार सप्तकातील पंचमाची. शास्त्राच्या भाषेत ही विकृती आहे. मूळ ध्वनिमुद्रणात ती नव्हती. परंतु ती स्वराच्या नात्यातील असल्याने कानाला खुपत नाही, एकट्या गळ्याला किंवा सारंगीला थोडी भरीव करून जाते.

येथेच थांबलो तर जाहिरात होईल. दोन स्वर एकत्र आले, की विकृती त्यांची बेरीज आणि वजाबाकीही निर्माण करते. २४० चा षड्ज आणि ३६० चा पंचम असतील तर वजाबाकी १२०, म्हणजे मंद्र षड्ज, आणि बेरीज ६००, म्हणजे तार गंधार. तानपुऱ्याच्या सोबतीने गाणाऱ्या गळ्याला ते शोभून जाते. पण षड्जाशेजारी २५६ चा कोमल ऋषभ आला, तर बेरीज होते ४९६. हा स्वर कोणत्याच रागात बसत नाही. आणि पन्नास-साठ वाद्यांच्या चित्रपटगीतात अशा शेकडो बेरजा-वजाबाक्यांचे धुके तयार होते. तेव्हा ख्याल, नाट्यपद, भावगीत ऐकणाऱ्याला व्हॉल्व्ह अधिक मानवतो आणि मोठ्या वाद्यवृंदाच्या रसिकाला कमी, असे ढोबळमानाने म्हणता येईल. उत्तम बांधणीच्या प्रीॲम्पमध्ये दोन्ही परिणाम इतके अल्प असतात, की त्याच्यात आणि चांगल्या ट्रान्झिस्टर प्रीॲम्पमध्ये फरक सांगणे अवघड जाते. आमच्या मते हा त्याचा दोष नसून गुण आहे.

वसईची वीज, वसईची हवा

परदेशी समीक्षा वाचून यंत्र निवडणाऱ्यांच्या हिशेबात दोन गोष्टी येत नाहीत: आपल्याकडची वीज आणि समुद्राची हवा.

नियमाप्रमाणे घरातील वीज २३० व्होल्टच्या सहा टक्के वर किंवा खाली, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान असावी. उन्हाळ्यात संध्याकाळी सर्वांचे वातानुकूलन यंत्र सुरू झाले की ती उतरते, मध्यरात्रीनंतर चढते. व्हॉल्व्हच्या तंतूला ६.३ व्होल्ट लागतात आणि साधारण दहा टक्क्यांपर्यंतचा फरक तो सोसतो. २३० व्होल्टसाठी गुंडाळलेल्या ट्रान्स्फॉर्मरला २५० मिळाले, तर तंतूला ६.८५ व्होल्ट जातात. हे मर्यादेच्या काठावरचे. पण यंत्र २२० व्होल्टच्या देशासाठी बनविलेले असेल, तर २४५ व्होल्टलाच तंतूवर ७ व्होल्ट येतात आणि मर्यादा ओलांडली जाते. नळी त्याच दिवशी जळत नाही, तिचे आयुष्य झिजते. म्हणून मागच्या पट्टीवर २३० किंवा २४० लिहिलेले यंत्र घ्यावे, अथवा ज्याच्या आत तंतूसाठी नियंत्रित एकदिश वीज आहे असे घ्यावे. साध्या मल्टिमीटरने आठवडाभर सकाळ, संध्याकाळ व रात्री घरातील दाब मोजून ठेवला, तर स्टॅबिलायझर लागेल की नाही हेही कळते. घ्यायचाच झाल्यास सर्व्हो पद्धतीचा. रिलेचा खटखट आवाज स्पीकरमधून ऐकू येतो. जपान किंवा अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले १०० वा ११५ व्होल्टचे यंत्र तर योग्य स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मरशिवाय भिंतीला लावू नये.

भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले आणि पुढेही राहिले. त्यांपैकी स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरींची वीज देतात. ट्रान्स्फॉर्मर तिच्यावर गुरगुरतो आणि ती गुरगुर संगीतात उतरते. वीज गेली की प्रीॲम्प बंद करावा, किंवा शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर असावा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा दुसरा उपद्रवी. पंखा मध्यम गतीवर असताना ‘झूं’ असा आवाज येत असेल आणि पूर्ण गतीवर थांबत असेल, तर दोष प्रीॲम्पचा नाही.

आणि अर्थिंग. जुन्या इमारतींमध्ये तीन भोकांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकाला तार असतेच असे नाही. व्हॉल्व्हच्या यंत्राचा सांगाडा धातूचा आणि आत अडीचशे व्होल्ट. तेव्हा वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेणे ही केवळ गुणगुण टाळण्याची बाब नाही, ती जिवाची आहे. बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये दाब काही काळ टिकतो. झाकण घरी उघडू नये. मागील जाळीची छिद्रे मोठी असतील तर पालीही आत जातात. ऊब त्यांनाही आवडते, आणि पालीने दोन टोके जोडली की पाल आणि फ्यूज दोन्ही जातात.

अर्नाळा, भुईगाव, रानगाव, गिरिज या किनाऱ्यालगतच्या भागांत खारी हवा सॉकेटच्या पकडी खाते. नळीच्या पिना काळवंडतात, मग चर्र असा आवाज, एक बाजू मध्येच बंद. आमच्याकडचा एक व्हॉल्व्ह दुसऱ्या पावसाळ्यानंतर निकामी झाला असे समजून आम्ही नवा आणला. तोही तसाच वाजू लागला, तेव्हा सॉकेटकडे लक्ष गेले. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकदा, यंत्र बंद करून नि थंड होऊ देऊन, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. नळ्या बाहेरून दिसणाऱ्या पेट्यांचा येथे एक फायदा आहे: हे काम झाकण न उघडता होते. पावसाळ्यात यंत्र रोज अर्धा तास तरी चालू ठेवावे. तेवढ्या उबेने दमट हवा दूर राहते.

लोहमार्गालगत राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. मालगाडी गेली की जमीन थरथरते आणि काही नळ्या ती थरथर घंटेसारखी आवाजात उमटवितात. नवी नळी लावल्यावर पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने तिला हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून किणकिण लांबत राहिली तर ती बदलून मागावी.

तबकड्यांसाठी

ज्यांच्याकडे लाँग प्ले तबकड्या आहेत, त्यांचे गणित वेगळे. टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून केवळ तीन ते पाच मिलिव्होल्ट मिळतात, सीडीच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याएवढे. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि तीव्र स्वर वाढविलेले असतात. वाजविताना उलट करावे लागते. हे प्रमाण १९५४ पासून आरआयएए या नावाने सर्वत्र रूढ झाले. त्यामुळे फोनो प्रीॲम्प ही स्वतंत्र वस्तू आहे. लाइन प्रीॲम्पला टर्नटेबल जोडले, तर बारीक, कर्कश आवाज येईल, आणि फोनोच्या जागी सीडी जोडली तर कानठळ्या बसतील. येथे ईसीसी ८३ खऱ्या अर्थाने कामी येते, मात्र इतक्या सूक्ष्म संदेशासोबत नळीची स्वतःची सळसळही मोठी होते. मर्यादित पैशांत आमचा सल्ला असा, की फोनो विभाग चांगल्या ट्रान्झिस्टरचा घ्यावा आणि व्हॉल्व्हची हौस लाइन प्रीॲम्पमध्ये भागवावी. एकाच पेटीत फोनो, लाइन, हेडफोन आणि ब्लूटूथ असे सर्व काही माफक किमतीत मिळत असेल, तर त्यातील एकही धड नसण्याची शक्यता अधिक.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना आरआयएए लागू पडत नाही. त्या काळी प्रत्येक कंपनीची आपली पद्धत होती. सुईही जाड लागते. बालगंधर्वांची किंवा हिराबाई बडोदेकरांची जुनी पदे मूळ तबकडीवरून ऐकणाऱ्यांनी मुंबईतील ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या १९९० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या प्रकाशनांकडे वळावे. या विषयातील जाणकारी तेथे आहे.

खरेदी आणि खर्च

लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही पश्चिम रेल्वेवरील इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुनी पेठ. विरारची जलद लोकल ग्रँट रोडला थांबत नाही. मुंबई सेंट्रलला उतरून चालत जाणे बरे. सॉकेट, कपॅसिटर, केबल तेथे मिळतात. तयार व्हॉल्व्ह प्रीॲम्प मात्र क्वचित. जुन्या नळ्या चोर बाजारातही असतात. घेताना काचेच्या आतील चंदेरी डाग पाहावा. तो चकचकीत असेल तर निर्वात शाबूत आहे. पांढरा पडला असेल तर हवा शिरली, ती नळी मेली. डाग चांगला म्हणजे नळी चांगलीच, असे मात्र नाही; चाचणी यंत्रावर लावून दाखविणाऱ्याकडूनच घ्यावी. परतीच्या गर्दीत नळ्या कापसात गुंडाळून पोळीच्या स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात. पुठ्ठ्याच्या खोक्याचा विरार लोकलमध्ये भरवसा नाही.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. ईसीसी ८२ किंवा ८३ चा तंतू सुमारे १.९ वॉट घेतो. तीन नळ्यांचा प्रीॲम्प एका एलईडी दिव्याहून फार अधिक वीज खात नाही. तापून घर गरम करणारा तो पॉवर ॲम्प्लिफायर, त्याची गोष्ट निराळी. पाच हजार तास टिकलेली नळी रोज तीन तास वाजविली तर साडेचार वर्षे पुरते. म्हणून ज्याच्या नळ्या सर्रास मिळतात असे यंत्र घ्यावे. दुर्मीळ क्रमांकाच्या नळीवरचे स्वस्त यंत्र चार वर्षांनी महाग पडते. परदेशातून थेट मागविल्यास सीमाशुल्क आणि कुरिअरचे आकार किमतीत मिळवून मगच तुलना करावी, आणि बिघडल्यास परत पाठविण्याचा खर्च कोणाचा, हेही विचारावे.

थोडक्या पैशांत काय घ्यावे, असे कोणी विचारले तर आम्ही असे सांगू: एकूण रक्कम मर्यादित असेल आणि स्पीकर दहा वर्षांचे जुने असतील, तर आधी स्पीकर. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये लादी आणि काँक्रीटच्या भिंतींमुळे आवाज घुमत असेल, तर त्याआधी जाड पडदा आणि सतरंजी. ही कामे झालेली असतील तर ईसीसी ८२ किंवा ६ एसएन ७ वर चालणारा, आतच ट्रान्स्फॉर्मर असलेला, बारा डेसिबलपेक्षा कमी वाढीचा, एकच काम करणारा लाइन प्रीॲम्प. तेवढेही पैसे नसतील तर १२ व्होल्टची छोटी पेटी गंमत म्हणून घ्यावी, पण गंमत म्हणूनच.

घरी आणल्यावर तो मध्ये घालून आणि काढून, दोन्ही प्रकारे ऐकावे. दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवणे अत्यावश्यक. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक सुंदर वाटतो आणि प्रीॲम्प जोडला की आवाज मोठा होतोच. मोबाइलवरील ध्वनिमापक ॲपने बसण्याच्या जागी मोजून पातळी जुळवावी, घरातील कोणाला तरी तारा बदलायला सांगावे आणि स्वतः पाठ करून बसावे. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी हे उरकावे. पुष्कळ ठिकाणी ती सात ते दहा दिवसांचीच असते, आणि त्यातला पहिला दिवस योग्य तारा शोधण्यात जातो.